मरियमच्या पायाशी सोडलेली जागा

गेराम्बा, ताह्सास १८

शिताये पोरी,

तू बरी आहेस ना? आई बरी आहे ना? घरमालकीण, तिची पोरं, तिच्या कोंबड्या, सगळे बरे ना? मी बरा आहे, देवाची कृपा. विचारपूस झाली, आता भांडायला मोकळा.

परवा शनिवारच्या बाजारात ट्रकवाला बायलेन्य वर्तमानपत्र नाचवत माझ्याकडे आला. ‘अलेका, बघा बघा, तुमच्या पुतणीचं चित्र छापून आलंय! राजधानीत प्रदर्शन लागलंय तिचं!’ पाच-पन्नास माणसं गोळा झाली. मी ऐटीत चष्मा पुसला. खाली लिहिलेलं, ‘माझी घरमालकीण, चित्रकार शिताये अदमासू.’ आणि वर काय? एका बाजूनं काढलेली, आडव्या तोंडाची बाई. एका डोळ्याची!

मिरच्या विकणारी म्हातारी वाकून बघून म्हणाली, ‘अगं बाई! हिनं काय कुणाला विष घातलं का?’ सगळे हसले. मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. अगं, चाळीस वर्षं मी चर्चच्या भिंती रंगवतोय, चर्चचा जाणकार म्हणून तर लोक मला अलेका म्हणतात. संतांना दोन डोळे, देवदूतांना दोन डोळे, साध्या भल्या माणसालाही दोन. एक डोळा फक्त ज्यूदासला, सैतानांना आणि संतांना काठ्या मारणाऱ्या शिपायांना. हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तू माझ्या मांडीवर बसून शिकलीस आणि ज्या बाईच्या छपराखाली झोपतेस तिलाच नरकात बसवलंस?

असो. आता कामाचं. आपल्या मरियमच्या चर्चची पश्चिमेची भिंत पावसानं खाल्ली. जुनी चित्रं कापडासकट कुजून खाली आली. मी नव्या कापडावर सगळं पुन्हा काढतोय. मधोमध मरियम, मांडीवर बाळ. भिंतीच्या खर्चाचा भार तेवाबेचबाईंनी उचललाय. घाण्यावरच्या तेवाबेचबाई, तुला आठवणार नाहीत. देणाऱ्याला मरियमच्या पायाशी काढायची रीत आहे, ते तर करणारच. पण बाईंचं म्हणणं, शेजारी त्यांचा मुलगा पाहिजे. तो लढाईत गेला. आणि तो ओळखू आला पाहिजे म्हणतात. ‘अलेका, तुमच्या बोटांतून सगळे एकसारखेच निघतात हो.’ खरंच आहे. माझ्या हातचे सगळे संत माझ्या आईवर जातात.

शिवाय हात आता थरथरतो. अंगरखे जमतात, चेहरा जमत नाही. म्हणून त्याचा फोटो पाठवतोय. तू कापडावर चेहरा काढ, वीतभर उंच, आणि बसनं पाठव. मी जागा सोडून ठेवलीय, तिथे खळीनं चिकटवीन. गिन्बोतच्या एक तारखेला, मरियमच्या जन्माच्या सणाला, भिंत उघडायची आहे.

समोरून काढ. दोन डोळे! आणि आईला हे काम दाखवत बसू नकोस. तिच्या मागे व्याप काय कमी आहेत?

तुझा काका,
इंगिदा


अदिस अबाबा, तिर ९

काका,

तुम्ही बरे ना? गुडघे बरे ना? अंगणातलं लिंबाचं झाड बरं ना? आम्ही बऱ्या आहोत, देवाची कृपा. आईचा खोकला गेला.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडकुंडीला आले. कारण इथेही तेच झालं! घरमालकीण बिर्केबाई चार दिवस खूश होत्या. गल्लीभर वर्तमानपत्र दाखवत हिंडल्या. मग त्यांची नणंद आली, तुमच्याच बाजूची. ती म्हणाली, ‘बिर्के, तुला सैतानाच्या रांगेत बसवलंय की गं हिनं!’ झालं. दुसऱ्या दिवशी बाई तीर्थाची बाटली घेऊन प्रदर्शनात गेल्या आणि चित्रावर शिंपडून आल्या. तैलरंग होते म्हणून वाचले. तेव्हापासून आम्हाला कॉफीला बोलावणं नाही. पलीकडे दाणे भाजल्याचा वास येतो, कॉफीची तिसरी फेरी झाल्याचं कळतं, आणि आम्ही दोघी भिंतीला कान लावून बसतो. आई तर माझ्याशीही धड बोलत नाही.

पण काका, मी बिर्केबाईंना वाईट म्हणून नाही काढलं. त्या शेगडीशी बसतात त्या तशाच, तोंड बाजूला करून. माझी त्यांची ओळखच त्या बाजूनं आहे. त्यांचा गाल, धुरानं बारीक केलेला डोळा, कानामागचा पांढरा केस. ते मला आवडलं म्हणून काढलं. डोळे मोजून का माणूस कळतो? आमच्याकडे आता कुणी मोजत नाही. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, त्यावरून माणूस उभा राहतो.

रागावू नका. प्रदर्शनात एक पाहुणा विचारत होता, ‘बाई, तुमच्या माणसांचे डोळे एवढे मोठे, एवढे जागे कसे?’ मी सांगितलं, हे माझ्या काकांच्या भिंतीवरचे डोळे आहेत. सावली मी कॉलेजात शिकले, डोळे घरी.

तुमचं काम घेते. समोरून काढते, दोन डोळे काढते, काळजी नको. फोटो किती वेळ तरी बघत होते. चेहरा चांगला आहे. डाव्या भुवईत खाच आहे, कान जरा बाहेर आलेले, आणि नजर लाजरी. फोटोवाल्यानं ‘इकडे बघ’ म्हटल्यावर नाइलाजानं बघतोय असं वाटतं. कोण हा? नाव काय? हसायचा का? आवाज कसा होता? माणूस माहीत नसला की माझा हात चालत नाही.

तुमची,
शिताये


गेराम्बा, तिर २७

शिताये पोरी,

कशी आहेस? आई कशी आहे? मी बरा आहे, देवाची कृपा. तीर्थस्नानाचा सण झाला, यंदा गर्दीत माझी छत्री कुणीतरी लांबवली. सणाच्या दिवशी छत्री चोरणाऱ्याला मी भिंतीवर जागा देणार आहे. किती डोळ्यांचा, ते तू समजून घे.

नाव विचारलंस. बाप्तिस्म्याचं नाव वोल्दे मरियम. चर्चला तेवढंच नाव ठाऊक असतं आणि भिंतीवरही तेच लिहायचं. हसायचा की रडायचा हे विचारून काय करणार आहेस? मेलेला माणूस आहे. उत्तरेला लढाईत गेला, प्रेतसुद्धा आलं नाही. आईला पुरायला काही मिळालं नाही म्हणून ती भिंतीवर मागतेय. एवढं पुरे की.

बाई रोज येतात. मी शिडीवर असतो, त्या खाली त्या मोकळ्या जागेसमोर बसतात. जागा म्हणजे नुसतं पांढरं कापड. त्याला हात लावतात, कपाळ टेकतात. मी म्हटलं, ‘बाई, अजून तिथे कुणी नाही.’ तर म्हणतात, ‘असू दे, जागा तर त्याचीच ना?’

आता नीट ऐक. गालावर सावली घालू नकोस. नाकाखाली नको, हनुवटीखाली तर मुळीच नको. मरियमच्या पायाशी सावली नसते, उजेड सगळीकडून येतो. आधी काळी रेघ, मग रंग, मग पुन्हा काळी रेघ. शिकवलेलं विसरली नसशील. भुवईतली खाच काढलीस तरी चालेल. बाई खूश होतील.

आईला विचारल्याचं सांग. दाखवू मात्र नकोस.

काका


अदिस अबाबा, येकातित २०

अलेका इंगिदा,

आज तुमच्या तब्येतीची चौकशी करत नाही.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? बाप्तिस्म्याचं नाव! वा! वोल्दे मरियम! सरळ ‘देमेलाश’ म्हणायला जीभ जड झाली?

काय झालं ते सांगते. चेहरा पुरा व्हायला अकरा दिवस लागले. मंगळवारी कापड खिडकीशी वाळत होतं. आई माझ्यासाठी इंजेरा-भाजीचं ताट घेऊन आत आली. तिनं पाहिलं. ताट हळूच खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, ‘बघ ना, काकांचं काम आहे. गेराम्ब्याचा मुलगा. छान जमलाय ना?’ ती म्हणाली, ‘भुवईची खाचसुद्धा काढलीस.’ मग म्हणाली, ‘तोच. देमेलाश.’

आमच्या घरात त्याचं नाव त्या दिवसापर्यंत कधी घेतलं नव्हतं. आई ‘तो’ म्हणायची. मी सात वर्षांची होते, झऱ्यावर गेले होते पाण्याला. परत आले तर अंगणातली कणगी आडवी पडलेली, सगळीकडे तेफ सांडलेला, आणि आई ते खसखशीएवढे दाणे एकेक करून सुपात वेचत होती. बाबा नव्हते. तेव्हा लष्करी सरकार शिकलेल्या माणसांना उचलून नेत होतं; पुढे कळलं की त्याच्या वस्ती समितीचा तो बंदूकवाला आला होता. बाबा कणगीत लपले होते. शाळेतल्या खडूनं त्यांची छाती धरलेली, आत त्यांना खोकला आला आणि त्यानं ऐकला. एवढंच मला माहीत. मास्तराच्या मुलीला बापाचं थडगंही माहीत नाही, काका. पुरायला आम्हालाही काही मिळालं नाही. आम्ही कुठली भिंत मागायची?

आणि तुम्हाला माहीत होतं तो कोण! तुम्ही त्याचा फोटो माझ्या हातात दिलात! माझ्या हातून त्याला मरियमच्या पायाशी बसवणार होता, दोन डोळ्यांचा, सावली नसलेला!

सर्वांत वाईट काय ते सांगू? मला तो आवडायला लागला होता. अकरा दिवस मी त्याच्याकडे बघत होते. माझ्याजवळ होते तेवढे चांगले डोळे मी त्याला दिले.

तो चेहरा मी आईच्या चुलीत घातला. सोबत दुसरा पाठवतेय. वीतभरच आहे, मापात आहे. सावली नाही, काळी रेघ दोनदा आहे, सगळं तुमच्या शिकवणीप्रमाणे. तो आडवा आहे. एक डोळा. हिंमत असेल तर लावा. दोन डोळ्यांचा हवा असेल तर दुसरा कुणी बघा, पण मग तुमच्या दारात माझं पाऊल पडणार नाही.

शिताये अदमासू


गेराम्बा, मेगाबित १२

शिताये,

कापड मिळालं.

रेघ सुरेख आहे. कुठे हात उचललेला नाही. मी चाळीस वर्षांत इतका चांगला ज्यूदास काढला नाही. तू लिहिलं होतंस की आता कुणी डोळे मोजत नाही, बिर्केबाईचा गाल आवडला म्हणून काढला. आणि संताप आला तेव्हा तू धावत माझ्याच पेटीकडे आलीस आणि माझंच हत्यार उचललंस. टोमणा नाही मारत, पोरी. तो मारायचा हक्क आता मला नाही.

मी तुला फसवलं हे खरं. तेवाबेचबाई पाया पडल्या तेव्हा मी हो म्हटलं, आणि माझ्या हाताला चेहरा जमेना. दुसरा चित्रकार लांब गोंदारला. मला वाटलं, पोरीला काय कळतंय, तिनं त्याला पाहिलेलं नाही. पण तेवढंच नाही. बाईंना मी नाही म्हणू शकलो नाही त्याला दुसरं कारण आहे. ते मी कबुलीच्या वेळी पाद्र्यालासुद्धा सांगितलं नाही. आता लिहितो. वाचून झाल्यावर तुला वाटेल ते कर.

त्या दिवशी मी तुमच्या अंगणात होतो. तुझ्या बापाला, अदमासूला, भाकरी द्यायला आलो होतो. दोन दिवस तो कणगीत होता, वर टोपली झाकलेली. तुझी आई घरात होती. देमेलाश एकटाच आला, बंदूक खांद्याला. अठरा-एकोणीस वर्षांचा होता. मला ‘अलेका’ म्हणाला, वाकून नमस्कारसुद्धा केला. लहानपणी माझ्याकडे पाटी गिरवायला यायचा. म्हणाला, ‘अलेका, मास्तर कुठे आहेत?’

मी बोललो नाही. देवाशपथ, एक शब्द बोललो नाही. पण माझे डोळे कणगीकडे गेले.

किती वेळ? पापणी लवायला लागतो तेवढा. त्यानं माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग माझे डोळे जिकडे होते तिकडे बघितलं, आणि सरळ चालत गेला. अदमासू खोकला नव्हता, पोरी. तुझा बाप आत दगडासारखा गप्प होता. खोकल्याची गोष्ट देमेलाशनं गावात सांगितली. का सांगितली कोण जाणे. माझी दया आली असेल, किंवा आपले कान किती तिखट हे मिरवायचं असेल. त्याच्या त्या एका खोट्यावर मी सोळा वर्षं या गावात अलेका म्हणून नमस्कार घेतले. तुझ्या बापाच्या छातीवर सगळा दोष गेला आणि मी तो जाऊ दिला.

मी मुद्दाम बघितलं का? सोळा वर्षं रोज विचारतोय. घाबरलो होतो, एवढं पक्कं. मला नेऊ नये असं वाटत होतं, तेही पक्कं. पण डोळे मी वळवले की आपोआप वळले, ते मला माहीत नाही. माहीत असतं तर बरं झालं असतं, कसंही असतं तरी.

म्हणून तुझं कापड मला लावता येत नाही. हा एका डोळ्याचा, तर मी किती डोळ्यांचा? शिडी चढतो, खळ लावलेला ब्रश हातात असतो आणि तसाच उतरतो. जागा पांढरीच आहे.

आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

इंगिदा


गेराम्बा, मियाझ्या २९

शिताये,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर केलंस. हे पत्र उत्तरासाठी नाही, काम कसं मिटलं ते तुला कळावं म्हणून लिहितो.

ईस्टर झाल्यावर तेवाबेचबाई आल्या आणि शिडीखाली उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘अलेका, सण तोंडावर आलाय. माझा मुलगा कुठाय?’ मी म्हटलं रंग वाळतोय. तर म्हणाल्या, ‘दोन महिने कुठला रंग वाळतो हो? मी तेल विकते म्हणून मला एवढंही कळत नाही का?’ आणि त्यांनी माझी पेटी उघडली. मी वरून ‘थांबा, थांबा’ म्हणेपर्यंत कापड त्यांच्या हातात होतं.

खूप वेळ बघत राहिल्या. मी खाली उतरलो. मला वाटलं ओरडतील, फाडतील. त्यांनी विचारलं, ‘कुणी काढलं?’ मी सांगितलं, ‘अदमासू मास्तरच्या मुलीनं.’ बाई खाली बसल्या. मग मी त्यांना माझंही सांगितलं, डोळ्यांचं. सगळं. तुला लिहिल्यावर ते दुसऱ्यांदा सांगायला इतकं अवघड गेलं नाही.

त्या कापडावरून बोट फिरवत बसल्या. भुवईच्या खाचेवर बोट थांबलं. म्हणाल्या, ‘हे मीच केलेलं. लहान असताना उलथनं फेकून मारलं होतं. अंडी चोरली म्हणून.’ मग म्हणाल्या, ‘लावा.’

मी म्हटलं, ‘बाई, लोक बघतील आणि म्हणतील, हा कोण होता ते.’

‘म्हणू देत. मला काय माहीत नाही कोण होता? ज्या दिवशी मास्तरांना नेलं त्या रात्री तो जेवायला घरी आला, मी वाढलं आणि तो जेवला. विचारलं नाही मी. त्यानंतर एकदाही त्यानं माझ्याकडे समोरून बघितलं नाही, अलेका. त्या पोरीनं बरोबर काढलाय. फक्त एक करा. त्याचं तोंड माझ्याकडे करून लावा. एका डोळ्यानं का होईना, माझ्याकडे बघू दे.’

तसा लावला. बाई उजवीकडे, समोरून, दोन डोळ्यांच्या. तो डावीकडे, आडवा, आईकडे बघणारा. काल पाद्री बघून गेले. काढा म्हणाले नाहीत.

मी आता आत जात नाही. शेवटचं टोक चिकटवलं, ब्रश धुतले आणि बाहेर आलो. प्रार्थनेच्या वेळी अंगणात झाडाखाली उभा राहतो, ज्यांना आत जायला तोंड नाही त्यांच्यात. लोक विचारतात, ‘अलेका, बाहेर का?’ मी गुडघ्याचं सांगतो. सणालाही इथेच उभा राहीन.

इंगिदा


अदिस अबाबा, गिन्बोत ४

काका,

तुम्ही बरे आहात ना? हे मी मनापासून विचारतेय, पण त्यावरून बाकीचं काही समजू नका. मला तुमचा राग आहे. तो जाईल असं मला आज लिहवत नाही. बाबा खोकले नव्हते, ते गप्प होते, हे वाचून मी दोन रात्री रडले. सोळा वर्षं मी त्यांच्या खोकल्यावर रागावले होते.

तुमचं मेगाबितचं पत्र मी आईपासून लपवलं. ट्रंकेत तळाशी घातलं. तिला सांगितलं असतं तर तिचा या जगात एक दीर उरलाय, तोही गेला असता. म्हणून उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

परवा दुसरं पत्र आलं ते नेमकं तिच्याच हाती पडलं. म्हणाली, ‘भावजींचं अक्षर इतकं वाकडं कधीपासून? वाच.’ मी थोडं वाचलं, थोडं गाळलं. तर म्हणाली, ‘डोळ्यांचं म्हणजे काय? हे अर्धंच कळतंय. आधीचं पत्र कुठाय?’ तिच्यापुढे माझं काही चालत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. ट्रंक उघडली. वाचलं.

कणगीची जागा आली तशी म्हणाली, ‘पुन्हा वाच.’ पुन्हा वाचलं. ‘पुन्हा.’ तिसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं आता तुम्हाला शिव्या देईल. ती चुलीकडे गेली, जाळ सारखा केला, परत आली आणि माझ्यासमोर बसली. पुढचं ती बोलली तसं लिहितेय. तिनंच ‘लिही’ म्हटलं.

‘खोकला नव्हता हे मला कुणी सांगायला नको. मी दारात होते. भावजी माझ्यापुढे उभे, माझ्याकडे पाठ. मला त्यांची पाठच दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून तो मला समोर दिसत होता. त्यानं विचारलं, मास्तर कुठे आहेत. आणि मी कणगीकडे बघितलं. दुसरीकडे कुठे बघणार होते? माझा माणूस त्यात होता. आणि तो चालत गेला. सोळा वर्षं मला वाटतंय की त्यानं माझे डोळे बघितले.’

मी म्हटलं, ‘आई, तू कधी बोलली नाहीस.’

‘कुणाला सांगू? तुला? की भावजींना, की तुमचा भाऊ मी दाखवला? गाव सोडून इथे आले ते कशाला वाटलं तुला? भावजी मला बघायचे तेव्हा मान खाली घालायचे. मला वाटायचं, त्यांना कळलंय. म्हणून माझं तोंड बघवत नाही त्यांना.’

काका, आई इथे गॅब्रिएलच्या चर्चला जाते तेव्हा बाहेरच्या भिंतीशी उभी राहते. मी इतकी वर्षं समजत होते की तिला आतली गर्दी सोसत नाही.

त्यानं कुणाचे डोळे बघितले, तुमचे की आईचे, ते आता सांगायला कुणी नाही. भिंतीवर लावलाय तो तर बोलणार नाही. मी आईला तसं म्हटलं तर म्हणाली, ‘बंदूक कुणाच्या खांद्याला होती ते मला माहीत आहे. तेवढं पुरे.’

आज सकाळपासून ती पेटी भरतेय. तिनं बिर्केबाईंचं दार स्वतः जाऊन ठोठावलं, तुमच्या कोंबड्यांना आमच्या घरचे दाणे घाला म्हणून सांगून आली. सोमवारच्या बसचं तिकीट काढायला लावलंय, एकच. मी मागाहून येईन की नाही ते मला अजून माहीत नाही.

आत्ता ती माझ्या शेजारी उभी राहून मी काय लिहितेय ते बघतेय. म्हणते, ‘शेवटी असं लिही. भावजी, मीही बघितलं होतं. झाडाखाली एकटे उभे राहू नका. मी येतेय, दोघं उभे राहू.’

शिताये